खोलीत आधी कुणी बसायचं? वयाच्या टप्प्यांनुसार समुपदेशन आणि पालकांसाठीची मदत

"आमच्या पोराला जरा समजावून सांगा, दिवसभर मोबाईलच असतो हातात." समुपदेशकाकडे आलेल्या पालकांचं पहिलं वाक्य साधारण याच चालीचं असतं. मुलाला आत पाठवायचं, आपण बाहेर बाकावर बसायचं आणि तासाभरानं सुधारलेला मुलगा घेऊन घर गाठायचं, असा बेत. मग आतून निरोप येतो, "आज आधी आई-बाबा या." तिथंच बरेच जण बिथरतात. आमचं काय बिघडलंय?

बिघडलेलं असेलच असं नाही. पण मदत कुणाला द्यायची हे वयागणिक बदलतं. तीन वर्षांच्या मुलासाठी काम पालकांबरोबर करावं लागतं, पंधरा वर्षांच्या मुलीला एकटीला बसू द्यावं लागतं, आणि बाळंतिणीसाठी कधी कधी तिच्या सासूला समजवावं लागतं. हा क्रम चुकला की चार-पाच भेटी फुकट जातात आणि "समुपदेशनानं काही होत नाही" असा घरात निकाल लागतो. म्हणून साताऱ्यातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या घरांसाठी हे टप्प्याटप्प्यानं लिहिते आहे. माझं काम शाळेतलं, त्यामुळे कल मुलांकडे जास्त आहे. तो इथंही दिसेल.

जाण्याआधी: दोन आठवड्यांची वही

"फार चिडचिड करतो" एवढ्यावरून कुणालाही काही कळत नाही. त्याऐवजी दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा. काय झालं, कधी झालं, त्याआधी काय चाललं होतं आणि घरातल्या प्रत्येकानं काय केलं. उदाहरणार्थ:

"मंगळवार. साडेपाचला शाळेतून आला, दप्तर टाकून मोबाईल घेतला. सव्वासातला अभ्यासाला बस म्हटलं तर ओरडला. आजोबा म्हणाले, राहू दे गं. मी मोबाईल हिसकावला. जेवला नाही. साडेअकराला आजीच्या खोलीत दूध-चपाती खाल्ली."

या नोंदीत मुलाचा दोष शोधत बसू नका. पावणेदोन तास कुणी त्याच्याशी बोललेलं नाही, मोबाईल बंद करायची आगाऊ सूचना नाही, आई आणि आजोबा दोन तोंडांनी बोलतायत, आणि रुसल्यावर रात्री गुपचूप खायला मिळतं. अनुभवी समुपदेशक इथूनच सुरुवात करतो. मोठ्या माणसानं स्वतःसाठी वही लिहायची असेल तर झोप, जेवण, कामाला गेलो की नाही, कुणाशी बोललो, एवढं पुरे.

याच दोन आठवड्यांत शरीराची तपासणी उरकून घ्या. बाईमाणूस सतत थकलेली, उदास असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ बघाच. वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाचे डोळे आणि कान आधी तपासा. फळा न दिसणाऱ्या मुलाला मन एकाग्र करायला शिकवण्यात अर्थ नाही.

कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. औषध तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. 'समुपदेशक' या पाटीमागे मात्र मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी असेल किंवा दोन दिवसांचं शिबिर. म्हणून फोनवरच विचारून घ्या: "आपलं शिक्षण काय? या वयाच्या मुलांबरोबर काम करता का? फी किती आणि भेट किती वेळाची? गरज पडली तर कुठल्या डॉक्टरांकडे पाठवता?" शेवटच्या प्रश्नाला "माझ्याकडेच सगळं होतं" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा.

साधा हिशेब असा: झोप-भूक उडाली आहे, कामधंदा किंवा शाळा बंद पडली आहे, भास होतायत, जिवाचं बरंवाईट करायची भाषा आहे, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बाकीच्यांनी सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात केली तरी चालतं.

सरकारी वाटही आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून मनोविकार विभागात दाखवता येतं. ओपीडीचे वार आधी विचारून जा म्हणजे दहिवडीहून किंवा मेढ्याहून हेलपाटा पडणार नाही. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा सुरू झाली. आजही कित्येक आशाताईंना ती माहीत असते आणि शिकलेल्या घरांना नसते. दारूचा प्रश्न असेल तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' संस्था व्यसनमुक्तीचं काम करते.

"पोवई नाक्यावर कुणी बघितलं तर?" म्हणून लोक पुणं गाठतात. एखाद्या तपासणीसाठी जरूर जा. पण थेरपी म्हणजे दर आठवड्याच्या भेटी. खंबाटकी घाट ओलांडून दर शनिवारी जाणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला सुटतं, आणि अर्धवट सोडलेली थेरपी पुन्हा सुरू करायला मन घेत नाही. त्यापेक्षा गावातला माणूस गाठा किंवा ऑनलाइन भेट घ्या. ऑनलाइनला घरात खोली मिळत नसेल तर बंद गाडीत किंवा शेताच्या बांधावर बसा. हेडफोन मात्र हवाच.

घरच्यांचा देवऋष्याकडे जाण्याचा आग्रह असेल तर त्यावरून भांडण काढून दोन महिने घालवू नका. नवस बोलायचा तर बोला. औषधाची गोळी बंद करायची नाही, मारहाण-उपासमार-चटके होऊ द्यायचे नाहीत आणि डॉक्टरची तारीख चुकवायची नाही, एवढं ठाम धरा.

पहिल्या भेटीत काय होतं

पाऊण ते एक तास. निम्मा वेळ माहिती विचारण्यात जातो, त्यामुळे "नुसतेच प्रश्न विचारले" म्हणून नाराज होऊ नका. उठण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: आपण कशावर काम करतोय, साधारण किती भेटी लागतील, आणि बरं वाटायला लागलं हे कशावरून ओळखायचं. "मन शांत व्हावं" हे मोजता येत नाही. "आठवड्यातून पाच दिवस शाळेत जाईल" हे मोजता येतं.

नैराश्य आणि चिंतेसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी). डोक्यात येणारा विचार कागदावर उतरवायचा, तो कितपत खरा आहे हे पुरावे मांडून तपासायचं, आणि टाळलेली कामं लहान लहान तुकडे करून पुन्हा सुरू करायची. तिला गृहपाठ असतो. भेटीत बोललो आणि आठवडाभर काही केलं नाही तर फरक पडत नाही. औषध दिलं असेल तर नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटल्यावरही मनानं सोडू नका. या गोळ्यांची सवय लागते ही भीती चुकीची आहे. सवय लागू शकते ती झोपेच्या काही गोळ्यांची, म्हणून त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस.

बाळंतपण

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी रडू येणं, हळवं होणं खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, "मी चांगली आई नाही" हे सारखं तोंडात, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर इलाज आहे, आणि अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर निवडून देतात.

आपल्याकडे यातली मेख वेगळी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. तिथं आई मालिश करते, रात्री बाळ घेते. मग सव्वा महिन्यानं किंवा तिसऱ्या महिन्यात पाळणा घेऊन सासरी. नवरा मुंबईला नाहीतर सीमेवर. कोसळायची वेळ बरेचदा ही असते, आणि तोवर सगळ्यांनी "बाळंतपण नीट पार पडलं" असं मानून लक्ष काढून घेतलेलं असतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. ४२ व्या दिवशी तिला बाळाचं वजन विचाराल तसं बाळंतिणीच्या झोपेबद्दलही सांगा.

इथं खोलीत आधी बाळंतीण, एकटी. नंतर तिच्या परवानगीनं सासू. सासूला सांगायचं काम नेमकं हवं: "रात्री एक ते पाच बाळ तुमच्याकडे, पाजायलाच तिला उठवायचं." 'सांभाळून घ्या' म्हटल्यानं कुणीच काही सांभाळत नाही. बाळंतीण असंबद्ध बोलायला लागली, संशय घेऊ लागली, रात्र रात्र जागून भलत्याच उत्साहात असली तर तो तातडीचा प्रसंग आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि तिला बाळाबरोबर एकटं ठेवू नका.

सहा वर्षांपर्यंत: मूल बाहेर खेळू दे, तुम्ही बसा

वर्षाचं मूल नावाला वळून बघत नाही, दीड वर्षाचं बोट दाखवून वस्तू मागत नाही, दोन वर्षांचं दोन शब्द जोडून बोलत नाही, तर "याचा बापही उशिरा बोलला" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांना दाखवा. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यातून व्हिडिओ कॉल वगळलेला आहे, तेव्हा लडाखला असलेल्या बाबाशी बोलायला हरकत नाही.

हट्ट, आदळआपट, मारणं-चावणं यासाठी या वयात मुलाला 'थेरपी' फारशी लागत नाही; पालकांना शिकवावं लागतं. त्याची सुरुवात रोज दहा-पंधरा मिनिटांच्या खेळानं होते. मूल म्हणेल तो खेळ, मोबाईल दुसऱ्या खोलीत. या वेळात प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, फक्त जे दिसतंय ते बोलायचं: "निळा ठोकळा वर ठेवलास. आता गाडी बोगद्यात गेली." हे ऐकायला सोपं आहे. करून बघा, तिसऱ्या मिनिटाला तोंडातून "हा कुठला रंग?" निघतंच.

पंधरवडा हे जमल्यावर सूचनांकडे वळा. "नीट वाग" ही सूचना नव्हे. "चप्पल रॅकमध्ये ठेव" ही सूचना. एका वेळी एक, जवळ जाऊन, आणि केल्यावर लगेच "सांगितल्याबरोबर ठेवलीस" अशी नेमकी शाबासकी. किरकोळ रडारडीकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं तर आधी सगळ्या घराला बसवून सांगा की पहिले काही दिवस रडणं वाढणार आहे. वाढतंच. आणि चौथ्या दिवशी आजीनं "एवढं काय लेकराला रडवायचं" म्हणत चॉकलेट दिलं, तर मूल शिकतं की आणखी जोरात रडलं की मिळतं. म्हणून आजीला खोलीत बोलावणं हे माझ्या मते या वयातलं सगळ्यात मोलाचं काम. आजीचे लाड बंद करायचे नाहीत. लाड कधीही, पण हट्टाच्या ऐन वेळी नाही, एवढाच करार.

पहिली ते सातवी

इथं तिसरी खुर्ची शिक्षकांची. तिसरीपर्यंत पोहोचूनही अक्षरं उलटी, वाचन अडखळत, तोंडी मात्र चटपटीत, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी शासनमान्य केंद्राचा दाखला लागतो, खासगी अहवाल पुरत नाही. मुख्याध्यापकांना नववीत विचारू नका, सहावीत विचारा.

मुलानं कुणी वाईट स्पर्श केल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. पोक्सो कायद्यानुसार पोलिसांत किंवा बाल पोलीस पथकाकडे कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकही ते गुप्त ठेवू शकत नाही. मदतीसाठी मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक १०९८.

तेरा ते अठरा

आता खुर्च्या फिरवायच्या. पहिली पंधरा मिनिटं सगळे मिळून, मग पालक बाहेर. मुलासमोरच ठरलं पाहिजे की काय गुप्त राहील आणि काय नाही: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा अत्याचार, एवढंच पालकांना कळेल. प्रेमप्रकरण, सिगारेटचा एखादा झुरका, तुमच्याबद्दलचा राग हे कळणार नाही. हे मान्य नसेल तर पैसे वाचवा, पाठवूच नका.

खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते. गाडीला किक मारायच्या आधीच आई विचारते:

"काय म्हणाल्या मॅडम?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तासभर काय बोलत होतीस मग? माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

झालं. पुढच्या भेटीला मुलगी तोंड उघडत नाही. त्याऐवजी "भूक लागली का? भेळ खाऊया?" एवढंच बोला आणि भेळेबरोबरही विषय काढू नका. तिला सांगायचं असेल तर चार दिवसांनी भांडी विसळताना ती आपणहून सांगेल.

सातारा जिल्ह्यात वडील फौजेत असलेली घरं पुष्कळ. बाबा सुट्टीवर येतात आणि वर्षभराची शिस्त दोन महिन्यांत बसवायला निघतात: पहाटे पाचला उठा, मोबाईल जमा करा. मुलाच्या नजरेत हा पाहुणा असतो, आणि पाहुण्यानं नियम केले की बंड होतं. अशा वडिलांना आम्ही सांगतो, पहिला आठवडा एकही नियम बदलू नका. मुलाबरोबर अजिंक्यताऱ्यावर चालत जा, त्याच्या मित्रांची नावं पाठ करा. दुसऱ्या आठवड्यात बायकोशी बोलून एकच नियम ठरवा, असा की तुम्ही गेल्यावरही तिला तो एकटीला चालवता येईल. सुट्टीतली एक भेट समुपदेशकाकडे दोघांनी मिळून घ्या. नंतरच्या फोनवर करता येतात.

दहावी-बारावीच्या निकालाच्या, 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या दिवसांत मूल एकदम गप्प झालं, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागलं, "मी नसलो तर बरं" म्हणालं, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणालं तर एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन करा. काही केलंच असेल तर ११२ किंवा सरळ रुग्णालय. शेतकरी घरानं आणखी एक काम आजच करावं: फवारणीची औषधं आणि तणनाशकं कुलपात, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे, आणि उरलेला डबा गोठ्यात ठेवायचा नाही. तीव्र इच्छेचा तो काळ बऱ्याचदा थोडा असतो, आणि हाताशी साधन नसणं हे तेवढ्या वेळात प्राण वाचवतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीनं उपचार लांबवू नका.

अठरानंतर

मुलगा अभ्यासिकेत बसून पोलीस भरतीची नाहीतर एमपीएससीची तयारी करतोय, तिसरा प्रयत्न हुकलाय, दिवसभर झोपून असतो. फी तुम्ही भरता, पण तो सज्ञान आहे. आत काय बोलणं झालं ते त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला कळणार नाही. तुम्ही स्वतःसाठी वेगळी भेट घेऊ शकता, "याच्याशी घरात कसं बोलू?" एवढ्याच प्रश्नासाठी. आणि आजारावर उतारा म्हणून लग्न नको. "दोनाचे चार केले की सुधारेल" यात सुधारत कुणीच नाही, एका परक्या मुलीची मात्र फरपट होते. बरा झाल्यावर, समोरच्या घराला खरं सांगून लग्न करणारे आहेत, आणि त्यांचे संसार नीट चालले आहेत.

आई-बाप स्वतःसाठी, आणि म्हातारी माणसं

पन्नाशीतली बाई "मला काय झालंय, पोरांचं बघा" म्हणते. पाळी जाण्याच्या वयातली चिडचिड, रात्रीचा घाम आणि सोबतची उदासी यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचार दोन्ही लागू शकतात. पुरुष बहुधा दारू, रक्तदाब किंवा पाठदुखीच्या दारानं येतात. फॅमिली डॉक्टरनंच पुढं पाठवलं तर जातात, बायकोनं सांगून जात नाहीत. म्हणून डॉक्टरांना आधी फोन करून ठेवा.

आजोबा विसरायला लागले की सगळे "वय झालं" म्हणतात. त्यात स्मृतिभ्रंश असेल, नैराश्य असेल किंवा नुसतं ऐकू कमी येत असेल. तिन्हीचे उपाय वेगळे, म्हणून एकदा तपासून घ्याच. स्मृतिभ्रंश निघाला तर थेरपीची गरज बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा सांभाळणाऱ्या सुनेला असते. पुण्या-मुंबईच्या भावंडांनी पैसे पाठवून भागत नाही. महिन्यातले ठरावीक दिवस येऊन राहायचं, आणि त्या दिवशी सुनेनं घराबाहेर पडायचं. ज्येष्ठांसाठी मदतीचा क्रमांक १४५६७.

चालू ठेवायचं की थांबायचं

पाच-सहा भेटींनंतर पहिल्या दिवशी ठरवलेली मोजमापं काढा. तसूभरही फरक नसेल तर समुपदेशकाला तोंडावर सांगा. चांगला माणूस पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याकडे पाठवतो. फरक असेल तर एकदम सोडू नका. आठवड्याची भेट पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर न्या, आणि शेवटच्या भेटीत तीन महिन्यांनंतरची एक तारीख आगाऊ घेऊन ठेवा. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी ठेवा. सुट्टीत सगळीच मुलं बरी असतात.